गिअरच्या पेटीतलं एरंडेल

चतुराबाई तेलीण कुणावर म्हणून विश्वास ठेवत नसे, आणि ह्या बाबतीत तिनं कधी आपपर भाव केला नाही. गवळ्यानं दूध घातलं की त्यात बोट, वाण्यानं गूळ दिला की त्याला नख, आणि देवळातून आलेला प्रसादसुद्धा आधी हुंगायचा, मग कपाळाला लावायचा. जुन्या नाशकात तेल्यांच्या आळीत तिचा घाणा होता. घाण्याला पवळ्या नावाचा बैल. तो डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर गोल फिरायचा, आणि त्याच्या वाटचे डोळे जणू चतुराबाईनं आपल्याकडे घेतले होते. शेजारची कुसाबाई म्हणायची, “हिला देव भेटला ना, तरी ही आधी त्याचं गंध बोटानं पुसून बघंल, खरं चंदन हाय का म्हणून!”

स्वभाव होताच, पण त्याला खतपाणी सासूनं घातलं होतं. चतुराबाई दिंडोरीकडची. लग्न होऊन आली तेव्हा परकर सावरता येत नव्हता, आणि सासूनं हातात पोळपाट द्यायच्या आधी तेल दिलं. बोटावर घ्यायचं, अंगठ्यानं चोळायचं, हुंगायचं, मग जिभेच्या टोकाला लावायचं. तीळ कसा लागतो, करडई कशी, करंज कसा घशाला धरतो. चुकलं की सासू बोटावर टिचकी मारायची.

त्याला कारण होतं. गल्लीच्या टोकाला मुरलीधराचं लहानसं देऊळ. त्यातला नंदादीप पिढ्यान्‌पिढ्या ह्या घरच्या तेलावर जळत आलेला. सासू तरुण असताना घाण्यावरच्या एका गड्यानं तिळाच्या तेलात करंजाचं मिसळलं. दिवा धुरकटला, देवाचं तोंड काळं पडलं. देवाचं तोंड दुसऱ्या दिवशी धुऊन निघालं, पण घराचं निघायला फार काळ लागला. ज्या तेलानं देव काळवंडला ते तेल पोराच्या टाळूला कोण घालील? बाया डोक्यावर पदर ओढून दारावरनं पुढं जायच्या आणि पुढच्या घाण्यावर थांबायच्या.

तेव्हापासून नंदादीपाच्या तेलाचं पितळी भांडं वेगळं. त्याच्या तोंडाला फडकं, फडक्यावरून सूत, आणि सुताची एक अशी गाठ की ती सासूला सुटे आणि सासूमागं चतुराबाईला. रोज तिन्हीसांजेला देवळात जायचं, सगळ्यांदेखत गाठ सोडायची, तेल घालायचं, पुन्हा बांधायची. नवरा गेला तेव्हाचं सुतक तेवढं सोडलं, तर ह्यात खंड पडला नाही.

तर अशी ही चतुराबाई, आणि तिच्या वाट्याला आली मोटार.

सिंहस्थ होऊन दोनेक वर्षं झाली असतील. पंचवटीत ढुंढिराज म्हणून उपाध्ये होते. यात्रेकरूंचं स्नान, श्राद्ध, त्र्यंबकचं दर्शन, सगळं त्यांच्या घराकडे. मुरलीधराची पूजाही त्यांच्याच घराण्यात. सिंहस्थात आलेली गर्दी पाहून त्यांच्या मनात आलं, की यजमान नाशिक रोडला गाडीतून उतरला की त्याला थेट मोटारीत घालावं. टांग्यात बसून पंचवटीला येईस्तोवर वाटेत दहा उपाध्ये त्याला गाठतात, मोटारीला कोण गाठणार? म्हणून त्यांनी एक जुनी मोटार घेतली. कापडी हूड, रबरी फुग्याचा हॉर्न, आणि चालली की गल्लीतली कुत्री आधी पळायची, मग भुंकायची. हाकायला इब्राहिम ठेवला. मुंबईला मोटारींच्या कारखान्यात राहून आलेला, भद्रकालीजवळ आईला घेऊन राहणारा, कमी बोलणारा माणूस.

मोटार आली आणि टांगेवाल्यांचं पोट दुखायला लागलं. त्यातही मोतीरामचं जास्त, कारण ढुंढिराजांचे यजमान आजवर त्याच्याच टांग्यात बसत. मोतीरामनं मोटारीला दगड मारला नाही. त्यानं स्टेशनाबाहेर घोड्याला चंदी घालता घालता एवढंच म्हटलं, “मोटारीच्या पोटात दांडा असा लोण्यावानी सरकतो, तो कशावर सरकतो म्हणता? चरबीवर. आता कुणाची चरबी, ते आपुन गरिबानं काय बोलावं!”

झालं. बोलला नाही म्हणजे सगळंच बोलला. एक गुजराथी शेठाणी मोटारीच्या पायरीवर ठेवलेला पाय मागं घेऊन टांग्यात जाऊन बसली. मग इंदूरकडचं एक कुटुंब. तीर्थाला यायचं आणि चरबीवर बसून रामकुंडावर जायचं, हे कुणाला पटणार?

ढुंढिराज घाबरे झाले. इब्राहिमनं तेलाचा डबा आणून पुढ्यात ठेवला. “महाराज, हे जमिनीतून निघतं. रॉकेलचा मोठा भाऊ समजा. चरबीबिरबी काही नाही.”

“कशावरून?”

“डब्यावर लिहिलंय.”

ढुंढिराजांनी डबा डोळ्यांजवळ धरला. चार इयत्ता इंग्रजी शिकलेले. डबा कुठल्या गावचा ते त्यावर होतं, पण आतलं तेल कशाचं ते नव्हतं. “इब्राहिम, ह्यात चरबी नाही असं कुठं लिहिलेलं नाही.”

“महाराज, ह्यात विंचू नाही असंही लिहिलेलं नाही,” इब्राहिम म्हणाला.

शेवटी तेलाचा प्रश्न म्हणून तेलिणीला बोलावणं गेलं.

चतुराबाई आली ती पदर खोचून. अंगणात मोटार उभी, ओट्यावर ढुंढिराज, आणि पायरीवर त्यांची म्हातारी काकू गोदावरी. मांडीवर कापूस घेऊन ती वाती वळत होती. गोदाकाकू सोवळ्याची एवढी कडक, की तिच्या तुळशीवर कावळा बसला तर ती तुळस विसळायची.

“चतुराबाई, मोटारीला देवाला चालेल असं तेल हवं,” ढुंढिराज म्हणाले.

“मोटारीला चालंल असं का देवाला चालंल असं?” चतुराबाईनं विचारलं. “दोघांचं तोंड वायलं हाय.”

“अगो, गाईचं तूप घाला की!” गोदाकाकू पायरीवरून म्हणाली. “होमाला चालतं, ह्या मेलीला न चालायला काय झालं?”

“काकू, तूप तापलं की पाणी, आन थंडीत दगुड. मोटार हाय ही, शिऱ्याची कढई नाय.” मग ती इब्राहिमकडे वळली. “तू मला आधी दाखीव. ते तेल आत जाऊन करतं तरी काय?”

इब्राहिमनं पुढच्या बैठकीखालची फळी उचलली, लोखंडी पेटीचं झाकण सोडलं. आत काळ्या तेलात दातेरी चाकं एकमेकांत दात घालून बसली होती, लहान-मोठी, जशी मोटेच्या रहाटाला असतात तशी, पण पोलादाची.

“ही गिअरची पेटी, मावशी. दांडा ओढला की हे चाक सरकून त्या चाकात जातं. तेल पातळ असलं तर दातावर ठरत नाही, मग दात दाताला खातो. फार घट्ट असलं तर सकाळच्या गारठ्यात दांडाच हलत नाही. दाताला धरून बसलं पाहिजे आणि वाहिलं पण पाहिजे.”

चतुराबाईनं काळ्या तेलात बोट घातलं, चोळलं, हुंगलं. जिभेला लावायला निघाली तेव्हा ढुंढिराजांनी डोळे मिटून घेतले. पण तिनं बोट मध्येच थांबवलं आणि पुसलं.

“चरबीचा वास तर नाय,” ती म्हणाली. “पण शपथ घ्या म्हणाल, तर मी घ्यायची नाय. जे माझ्यासमोर निघालं नाय त्याची शपथ नाय.”

“मग काय घालावं?”

“धरून बी बसायचं आन वाहायचं बी. तीळ पळून जाईल. करंज घातलं तर यजमान वासानंच पळतील. एरंडेल. गाडीच्या आसाला काय घालतात? एरंडेलाचंच वंगण ना? चाक फिरलं काय आन दात फिरला काय.”

इब्राहिमची मान हलली. “मुंबईला शर्यतीच्या एका मोटारीत घालताना पाहिलंय मी एरंडेल. चालतं. पण जुनं सगळं काढावं लागेल. दोघांचं पटत नाही.”

“आन मी देईन तेच आत जाईल, कशावरून?” चतुराबाईनं त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. तिच्या संशयाला जात नव्हती, धर्म नव्हता. तिनं सख्ख्या भावालाही हाच प्रश्न विचारला असता.

“तुमच्यासमोर ओततो, मावशी.”

“मंग ठीक.”

एरंडेल काढणं म्हणजे घाण्यावर बसून गाणी म्हणायचं काम नव्हे. बी भाजायचं, कांडायचं, मोठ्या भांड्यात पाणी घालून उकळायचं. तेल वर तरंगतं ते अलगद निपटून घ्यायचं आणि पुन्हा चुलीवर ठेवायचं, उरलंसुरलं पाणी आटेपर्यंत. आत पाणी आहे तोवर तेल तडतडतं. तडतड थांबली की उतरवायचं. चतुराबाईनं हे सगळं एकटीनं केलं. फक्त शेवटी, चुलीवर तेल होतं तेव्हा, पवळ्यानं दावं तोडलं आणि तो गल्लीत निघाला. ती त्याच्यामागं धावली, त्याला आणून बांधलं, आणि आल्यावर तेल उतरवलं. त्या वेळी ह्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नाही.

इब्राहिमनं सांगितलं तेवढं, त्याच्याच मापानं भरून, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पंचवटीला गेली. त्यानं पेटीचं खालचं बूच काढलं. काळं तेल थेंबाथेंबानं गळायला लागलं. गळतंय, गळतंय, आणि गळतच आहे. चतुराबाई उकिडवी बसून पाहत होती. सूर्य खाली गेला तेव्हा कुठं इब्राहिमनं आत चिंधी फिरवली आणि खालचं बूच लावलं.

आणि तेवढ्यात तिन्हीसांज झाली.

नंदादीपाची वेळ. गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नाही, आणि सुटावी अशी तिची इच्छाही नव्हती. तिनं तेलाच्या डब्याकडे पाहिलं, इब्राहिमकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. “मी आलेच दिवा करून. तोवर हात लावू नको.”

“माझीही नमाजाची वेळ झाली, मावशी. येतोच.”

ती पूल ओलांडून देवळात गेली, पण परत येववलं नाही. देवळात कुसाबाई भेटली आणि पवळ्यानं पुन्हा दावं तोडल्याचं तिनं सांगितलं. इब्राहिम नमाज पढून आला, वाट पाहिली, अंधार पडायला लागला तसं तेल ओतून पेटी बंद केली. चतुराबाईला कळलं तेव्हा ती मनात म्हणाली, ‘समोर ओततो म्हणाला व्हता.’ आणि ते मनात ठेवलं, जसं लोक लोणचं ठेवतात, पुढं लागेल म्हणून.

दोन-चार दिवसांनी ढुंढिराज स्वतः पुढं बसून उज्जैनच्या एका यजमानाला त्र्यंबकला घेऊन निघाले. ह्या वेळी त्यांनी छाती पुढं काढून सांगितलं होतं, “मोटारीत शुद्ध एरंडेल आहे, आमच्या देवाच्या तेलिणीकडचं.” गारठ्याची सकाळ. महिरावणीपर्यंत मोटार बरी गेली. मग पेटीतून आवाज यायला लागला, जात्यात खडा सापडावा तसा. अंजनेरीच्या अलीकडच्या चढावर इब्राहिमनं दांडा ओढला तर तो ना मागं ना पुढं. आणि दांड्याच्या बुडातून पांढरा फेस वर आला, उतू जाणाऱ्या दुधासारखा, आणि यजमानांच्या पायांवर पसरला. यजमानांनी दोन्ही पाय उचलून छातीशी धरले आणि “हरे राम” म्हटलं.

आणि मोतीरामचा टांगा नेमका त्याच वेळी रिकामा मागून येत होता. आता हा योग म्हणायचा का काय, ते मोतीरामलाच माहीत.

संध्याकाळपर्यंत गोष्ट मोटारीच्या आधी नाशकात आली. “तेलिणीनं पाणी पाजलं मोटारीला! एरंडेल पाण्यात उकळत्यात, ते पाणी आटवलंच नाय बयेनं!” आणि ढुंढिराजांचा निरोप आला. निरोप आणणाऱ्यानं तो शब्दाला शब्द सांगितला: “उद्या सकाळी अंगणात पेटी उघडतो. तेलात खोट निघाली तर मुरलीधराच्या दिव्याचं तेल दुसऱ्या घराकडून घेईन. देवाशी लबाडी चालायची नाही.”

चतुराबाईनं निरोप ऐकला आणि पहिल्यांदा पितळी भांड्याकडे पाहिलं. सासूचं तोंड डोळ्यांपुढं आलं. टिचकी मारणारं बोटही आलं.

तिच्याकडे त्याच खेपेचं थोडं एरंडेल उरलं होतं. तिनं त्यात वात भिजवली आणि पेटवली. पाणी असतं तर वात तडतडली असती. वात गुमान जळत राहिली. पण पाणी तळाशी बसतं! तिनं काठीनं तळ ढवळला आणि दुसरी वात भिजवली. तीही गुमान. तरी चैन पडेना. त्या दिवशी पवळ्यामागं धावली, परत आली, तेल उतरवलं. तेव्हा तडतड थांबली होती का? थांबली असणार. असणार, म्हणजे पाहिलं नव्हतं. मोटारीचं तेल आधी काढलं, हे मागून. वरचं आणि खालचं सारखंच असेल कशावरून? जन्मभर जगावर रोखलेलं बोट आता तिच्याकडेच वळलं होतं, आणि ते बोट किती टोचतं ते तिला पहिल्यांदाच कळत होतं.

तेवढ्यात कुसाबाई कुंपणावरून म्हणाली, “काय गं, त्या इब्राहिमच्या आईला एरंडेल तू दिलंस का? बिचारी गुडघ्याला चोळत बसली व्हती काल. लय गुण आला म्हणती.”

चतुराबाई ताठ झाली. लोणच्याची बरणी उघडायची वेळ आली होती.

सकाळी ढुंढिराजांच्या अंगणात गर्दी जमली. मोतीराम घोडा दाराशी बांधून सगळ्यांच्या पुढं उभा. गोदाकाकू पायरीवर, मांडीवर कापूस. इब्राहिमनं मोटारीखाली घमेलं सरकवलं आणि बूच काढलं. आतून जे पडलं ते ना तेल ना पाणी. पांढुरकं, फेसाळ, हुबेहूब ताक.

“चतुराबाई, हे काय?” ढुंढिराज म्हणाले.

“महाराज, माझ्या तेलाचं कुणीतरी ताक केलंय.” ती इब्राहिमकडे वळली. “का रे बाबा? तुझ्या आईच्या गुडघ्याला एरंडेल कुठलं?”

इब्राहिमचं तोंड लाल झालं. “उरलं होतं, मावशी.”

“उरलं?”

“पेटी भरली. तेल वरच्या खुणेशी आलं आणि डब्यात तांब्याभर राहिलं. आईचे गुडघे दुखतात. मला वाटलं, विचारून घ्यावं, पण तुम्ही आलाच नाहीत. चुकलं माझं.”

“तुझ्याच मापानं दिलं व्हतं. उरंल कसं?”

“तेच कळेना. मला वाटलं, तुम्ही जास्त दिलं असेल.”

ह्यावर अंगणात जो हशा पिकला तो मोटारीच्या हॉर्नलाही जमला नसता. मोतीराम मांडीवर थाप मारून म्हणाला, “चतुराबाईनं जास्ती दिलं? मंग ही मोटार उडंल बी!”

चतुराबाई हसली नाही. तिचं डोकं आता त्या तांब्याशी अडकलं होतं. तांब्याभर तेल बाहेर राहिलं, म्हणजे आत तांब्याभर जागा आधीच कुणीतरी घेतली होती. इब्राहिम म्हणतो ते खरं असलं तर. आणि चोरी करायची असती तर तो खुणेशी आलं, तांब्याभर उरलं, असं मापून कशाला सांगता? चोर मापात बोलत नाही.

तिनं घमेल्यात हात घातला. लोकांनी तोंडं वाकडी केली. बोटाला काही लागलं. पातळ, चुरगळलेलं. तिनं ते अंगठ्यावर घेतलं, चोळलं, हुंगलं.

तुळस.

एरंडेलाच्या, लोखंडाच्या, जळक्या वासाखालून तो वास स्वच्छ आला. चतुराबाईनं मान वर केली नाही. मोटारीत तुळशीचं पान कोण घालील? इब्राहिम नाही. मोतीराम तर नाहीच, तो घालील तर बाभळीचा काटा. अंगणात वृंदावन एकच, आणि त्याला हात लावणारी एकच.

गोदाकाकू खाली मान घालून वाती वळत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अपराध एवढासुद्धा नव्हता. मनात काही असलं तर माणूस असा बसत नाही. म्हणजे म्हातारीला ठाऊकच नव्हतं, की तिनं काही केलंय.

आता हे पान सगळ्यांसमोर धरलं तर? म्हातारीला मोतीरामसमोर चोरासारखं उभं करायचं? आणि नाही धरलं तर उद्या मुरलीधराचा दिवा दुसऱ्याच्या तेलावर. चतुराबाईनं पान मुठीत घेतलं आणि पायरीकडे तोंड केलं.

“काकू, एक ईचारू? ही मोटार देवाच्या कामाची म्हणून मी तेल दिलं. पण आधी तिच्यात ते काळं तेल व्हतं. त्याचा विटाळ काढला का कुणी? नाय काढला तर मी पुन्यांदा तेल द्यायची नाय. माझा बी धर्म हाय.”

गोदाकाकूनं वात खाली ठेवली. तिचा आवाज असा लागला, की अंगणातली कबुतरं उडाली.

“अगो चतुरे, मला शिकवतेस? विटाळ तसाच ठेवीन होय मी? त्याच तिन्हीसांजेला काढला! हा गेला नमाजाला, तू गेलीस दिव्याला, आणि पेटी उघडी. रामकुंडाचं तीर्थ, वर तुळशीपत्र, चांगलं तांब्याभर ओतलं. भांडंसुद्धा आपण विसळतो की नाही? ते का नुसतं चिंधीनं पुसून भागतं? तीन पिढ्या बघितल्यात मी विटाळाच्या!”

सगळ्यांची तोंडं आधी घमेल्याकडे वळली, मग ढुंढिराजांकडे.

आता ढुंढिराज काय बोलणार? तीर्थानं मोटार बिघडली म्हणावं, तर त्याच तीर्थावर सगळं घर चाललेलं. आणि तेही मोतीरामसमोर! ते दोनदा खाकरले. “तीर्थ… तीर्थानं कुणाचं वाईट होत नाही.”

“नाय होत, महाराज,” चतुराबाई म्हणाली. “तीर्थ बी खरं, तेल बी खरं. एका भांड्यात दोघांचं जमत नाय, एवढंच. सासू-सुनंवानी.”

इब्राहिमनं खाली मान घालून हसू गिळलं. मग हळूच म्हणाला, “म्हणून तांब्याभर उरलं.”

“म्हणून,” चतुराबाई म्हणाली. आणि मग, जे तिला फारसं जमत नसे ते तिनं केलं. “तुझ्यावर आळ घेतला, पोरा. वास आला म्हणून घेतला. पण घ्यायला नको व्हता.”

इब्राहिमनं घमेलं तिच्या पायापासून दूर सरकवलं, लुगड्याला फेस लागू नये म्हणून.

मोतीराम मागं मागं सरकत होता. चतुराबाईनं त्याला बरोबर पकडलं. “कुठं निघाला? आता स्टेशनावर जाऊन सांग सगळ्यांना. ह्या मोटारीनं रामकुंडाच्या पाण्यानं आंघोळ केलीया, वर तुळशीपत्र. तुझ्या घोड्यानं केलीया का कधी?”

ह्यावर घोडा दाराशी फुरफुरला, आणि गोदाकाकूसुद्धा हसली.

मग पेटी पुसली. इब्राहिमनं चिंध्या फिरवल्या, उन्हात झाकण उघडं ठेवलं. चतुराबाई शेजारी बसून राहिली. ह्या वेळी कुसाबाईला पवळ्याजवळ बसवून आली होती. थोडं एरंडेल ओतून आतली चाकं विसळली, ते काढून टाकलं, मग नवं ओतलं. ह्या वेळी डब्यात थेंब उरला नाही. चतुराबाईनं डबा उलटा करून पाहिला. मग इब्राहिमला म्हणाली, “एरंडेल तापून तापून डिंकावानी होतं. होळीला काढायचं, पोळ्याला काढायचं. आळस केलास तर दात चिकटून बसतील, मंग मला बोलवू नको.”

“तुम्हाला न बोलवता काढलं तर?”

“तर मला कळंल.” तिनं कमरेचं सूत काढलं, पेटीच्या वरच्या बुचाभोवती गुंडाळलं आणि नंदादीपाच्या भांड्याला असते ती गाठ मारली.

“मावशी, मोटारीला गाठ?”

“मोटारीला नाय,” ती पायरीकडे न बघता म्हणाली. “गावाला.”

गोदाकाकूनं ते ऐकलं का नाही कुणास ठाऊक. पण त्यानंतर तीर्थाचा तांब्या मोटारीच्या बाहेरून फिरायला लागला. पुढच्या दिव्यांवर चार थेंब, मागच्या चाकांवर चार, आणि यजमानांना ते फार आवडे.

त्या तिन्हीसांजेला ढुंढिराज देवळात आले. चतुराबाईनं सगळ्यांदेखत गाठ सोडली, नंदादीपात तेल घातलं. ढुंढिराज ज्योतीकडे पाहत उभे राहिले. धूर नव्हता. निरोपाबद्दल ते बोलले नाहीत, तिनंही तो विषय काढला नाही. फक्त जाताना ते म्हणाले, “उद्या एकादशी. जरा जास्त घालत जा,” आणि हे ‘घालत जा’ म्हणणं म्हणजे पुढचंही तेल तिचंच, हे दोघांनाही कळलं.

ती घरी आली तर दाराशी इब्राहिम उभा. हातात झाकलेली वाटी. “आईच्या गुडघ्याचं उरलेलं एरंडेल, मावशी. परत आणलं.”

“अरे, ठेव की बाबा. म्हातारीच्या गुडघ्याला लागतं. आणखी देते, घेऊन जा.”

ती आत गेली, भांड्यातून तेल आणलं, वाटी भरायला घेतली. भरता भरता हात थांबला. तिनं वाटीतल्या जुन्या तेलात हळूच बोट बुडवलं, अंगठ्यानं चोळलं, हुंगलं, आणि जिभेच्या टोकाला लावलं.

इब्राहिम दाराला टेकून वाट पाहत राहिला. त्याला आता माहीत होतं, की त्याशिवाय वाटी भरायची नाही.

“हाय,” चतुराबाई म्हणाली. “माझंच हाय.” आणि वाटी काठोकाठ भरली.